न्हाणीची भिंत : बीड जिल्ह्यातील चुना, सिमेंट आणि ओल

बीड जिल्ह्यातील न्हाणीघरांच्या रंगवलेल्या भिंतींवर दिसणारे ओलीचे पिवळट डाग, फुगून सुटणारे पोपडे आणि छताच्या कोपऱ्यात धरणारी काळी बुरशी यांचा इतिहास फार जुना नाही. तो मुख्यतः गेल्या काही पिढ्यांतला आहे, कारण त्यापूर्वी येथील सामान्य घरात न्हाणी छताखाली क्वचितच असे आणि तिच्या भिंतीला तेलरंग तर लागतच नसे.

बालाघाटाच्या रांगांनी विभागलेल्या या अवर्षणप्रवण जिल्ह्यात जुनी घरे माळवदाची असत, म्हणजे लाकडी तुळयांवर फळ्या किंवा काड्या अंथरून त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर दाबून केलेल्या सपाट छपराची. अशा घरात न्हाणी म्हणजे परसातला एक सपाट दगड आणि त्याभोवतीचा आडोसा, आणि तिथले सांडपाणी केळीच्या किंवा अळूच्या आळ्यात जाई. दगडमातीच्या भिंतीही ओल शोषून घेत, परंतु त्या उन्हावाऱ्यात सुकत आणि दसरा-दिवाळीच्या आधी पुन्हा पोतारल्या जात, म्हणजे मातीच्या पातळ काल्याने सारवल्या जात.

अंबाजोगाई, धारूर किंवा बीड येथील संपन्न वाड्यांत मातीची जागा चुन्याने घेतली होती आणि ती विद्या मोठी नेमकी होती. ओढ्यांच्या काठी व शेतात सापडणारे चुनखडीचे खडे लोणारी भट्टीत भाजत. त्यातून निघालेली चुन्याची कळी पाण्यात टाकली की ती उसळून, वाफा सोडून विझे, आणि हा विझलेला चुना वाळूसह घाणीत, म्हणजे बैलाने फिरवायच्या दगडी चाकाच्या वर्तुळाकार चरात, लोण्यासारखा मऊ होईपर्यंत मळला जाई. चिकटपणासाठी त्यात गुळाचे पाणी, बेलफळाचा गर किंवा हिरड्याचा काढा घालत. या खड्यांत मातीचा अंश असल्यामुळे भाजून निघणारा चुना ओलीतही आवळत जाई, आणि म्हणूनच दख्खनमध्ये हौद, बारवा व पाण्याचे पाट यांच्या बांधकामात त्याचा भरवसा होता. अशा गिलाव्याची सूक्ष्म छिद्रे ओल बाहेर पडू देत, तर दरवर्षी दिला जाणारा चुन्याचा ताजा हात इतका क्षारयुक्त असे की त्यावर बुरशीला सहसा थारा मिळत नसे. वार्षिक सफेदी ही या दृष्टीने सजावटीइतकीच भिंतीची निगा होती, आणि तिचे हे दुसरे काम विसरले गेले ही पुढे चुन्याकडून सिमेंट व तेलरंगाकडे झालेल्या बदलातील सर्वांत मोठी हानी होय.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, बीड ज्या हैदराबाद संस्थानात होते त्याच संस्थानातील शहाबाद येथे सिमेंटचा कारखाना उभा राहिला, आणि 1948 मध्ये संस्थान विलीन झाल्यानंतरच्या दशकांत सिमेंट हळूहळू तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचले. 30 सप्टेंबर 1993 रोजी शेजारच्या लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंपाने जड माळवदे आणि मातीत रचलेल्या दगडी भिंती कोसळून हजारो माणसे दगावल्यावर जुन्या बांधणीवरचा विश्वास उरला नाही, आणि लोक स्लॅबच्या घराकडे वळले. ती भीती रास्त होती, हे येथे स्पष्टपणे नोंदवले पाहिजे. नळ व बोअर आल्यावर परसातली न्हाणी याच स्लॅबखाली आत आली, तिला एखादा लहानसा झरोका मिळाला, आणि भिंतीवर सिमेंटचा गिलावा, लांबी व ऑइलपेंट असे एकावर एक थर चढले.

डागांचे कारण या थरांतच दडलेले आहे. काळ्या मातीत दीर्घकाळ टिकणारी ओल जोत्यातून वर चढते, भिंतीत दाबलेल्या नळाचा सांधा झिरपतो किंवा फरशीच्या कडेने पाणी मुरते; हे पाणी विटांमधले क्षार विरघळवून पृष्ठभागाकडे आणते, पण तेलरंगाचा पडदा त्याला सहजी बाहेर पडू देत नाही, त्यामुळे क्षारांचे स्फटिक पडद्याआड वाढून रंगाला ढकलतात. यालाच भिंतीला लोणा लागणे म्हणतात. पोपड्याखाली बोट फिरवले असता हाताला लागणारी पांढरी भुकटी ती हीच. छताजवळची काळी बुरशी मात्र बहुधा वेगळ्या कारणाची असते; ती गरम पाण्याच्या कोंडलेल्या वाफेवर पोसते आणि वारा खेळू लागल्यावर कमी होते.

अनुभवी गवंडी म्हणूनच आधी पाण्याची वाट शोधतो, नळ व फरशीचे सांधे दुरुस्त करतो, लोणा धरलेला गिलावा विटेपर्यंत खरवडतो आणि भिंत पूर्ण वाळल्याखेरीज नवा हात लावत नाही. डागावर नुसताच आणखी एक रंगाचा थर दिल्यास तो खर्च वाया जातो, कारण पाण्याची वाट उघडी असेपर्यंत तोच डाग पुन्हा उमटतो.