डिजिटल छायाचित्रांवरील संस्कार : क्रम स्वतःचा हवा

रोलच्या काळात घरच्या लग्नाला छत्तीस चित्रांचे दोन-चार रोल पुरत असत. आता हळदीपासून वरातीपर्यंत हजारभर छायाचित्रे सहज निघतात आणि खरे काम कार्ड संगणकाला जोडल्यावर सुरू होते. या कामाला ठरलेला क्रम नसेल, तर तीच वधू एका चित्रात गुलाबी आणि दुसऱ्यात पिवळी दिसते. कित्येकदा मूळ फाइलच पुसली जाते.

म्हणून आधी नक्कल. सर्व फाइली संगणकावर आणि वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरल्याखेरीज कार्ड कोरे करू नये. अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला नियम असा : तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यांपैकी एक घराबाहेर. २६ जुलै २००५ रोजी ज्यांच्या घरांत पाणी शिरले, त्या मुंबईकरांना यातील शेवटच्या अटीचे महत्त्व पटवून द्यावे लागणार नाही.

त्यानंतर निवड. हललेली, डोळे मिटलेली चित्रे प्रथम बाजूला काढावीत. दुसरी चाळणी दुसऱ्या दिवशी लावावी.

जेपेग फाइलीत प्रत्येक रंगघटकाच्या २५६ पायऱ्या असतात, तर १४ बिटांच्या रॉ फाइलीत १६,३८४. शिवाय दुरुस्त केलेली जेपेग फाइल पुन्हा पुन्हा साठवली, की दर वेळी थोडा तपशील गळतो. २००७ मध्ये आलेले लाइटरूम किंवा मोफत मिळणारे डार्कटेबल यांसारखी सॉफ्टवेअर दुरुस्त्यांची केवळ नोंद ठेवतात. मूळ फाइलीला हात लागत नाही.

सर्वांत अधिक फसगत रंगतोलात होते. हळदीच्या समारंभात चौकटभर पिवळा रंग असतो. कॅमेऱ्याची स्वयंचलित यंत्रणा तो प्रकाशाचाच रंग समजते आणि निळा वाढवते. परिणामी हळद फिकी पडते, कांती राखाडी दिसते. यावर उपाय म्हणजे त्याच उजेडात करड्या कार्डाचे एक चित्र घेणे, त्यावरून रंगतोल ठरवणे आणि तोच त्या उजेडातील सर्व चित्रांना लावणे. पाहुण्यांच्या पांढऱ्या टोपीवर भिस्त ठेवू नये. तिला नीळ दिलेली असते! मांडवातून अंगणात आल्यावर मात्र नवा गट धरावा, कारण साध्या बल्बचा प्रकाश सुमारे २,८०० केल्विनचा असतो आणि दुपारच्या उन्हाचा ५,५०० च्या आसपास.

मग उजेड-सावली. हिस्टोग्रामचा आलेख उजव्या कडेला चिकटला, तर शालूच्या जरीतील तपशील हरवला असे समजावे. चेहऱ्याचा उजेड सुधारणे वेगळे आणि सावळ्या वधूला गोरी करणे वेगळे. दुसरा प्रकार अनेक स्टुडिओंच्या अंगवळणी पडला आहे. पुढे अल्बममध्ये आईला लेक ओळखू येत नाही.

कातरणे, डाग काढणे ही कामे त्यानंतर. धारदारपणा अगदी शेवटी वाढवावा, कारण तो छपाईच्या आकारावर अवलंबून असतो. आठ बाय बारा इंची प्रतीला इंचाला ३०० बिंदू या हिशेबाने २,४०० बाय ३,६०० बिंदू लागतात. लॅबने वेगळे सांगितले नसल्यास फाइल एसआरजीबी या रंगपद्धतीत द्यावी.

प्रती काळपट आल्या, की दोष लॅबला दिला जातो. पुष्कळदा घरचा मॉनिटरच अति उजळ ठेवलेला असतो. यासाठी संपूर्ण अल्बम छपाईला धाडण्यापूर्वी तीन-चार लहान प्रती काढून त्या दिवसाच्या उजेडात पडद्याशी ताडून पाहाव्यात.