सिंहस्थ आणि गाठीचा पैसा

नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्याच्या भिंतीवर एक चोख आर्थिक व्यवहार कोरलेला आहे. नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याने सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी भिक्षुसंघासाठी ३,००० कार्षापणांची ठेव ठेवली, तीही जवळच्या गोवर्धन गावातील विणकरांच्या श्रेणींकडे. त्यांतील २,००० वर दरमहा शेकडा एक आणि उरलेल्या १,००० वर शेकडा पाऊण, असे व्याज ठरले. मुद्दल कधीच काढायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. पहिल्या रकमेचे वर्षाला २४० कार्षापण होतात आणि त्यातून वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी १२ कार्षापण मिळायचे. हिशेब पैशाला पैसा जुळतो. त्याच लेखात एका सुवर्णाला ३५ कार्षापण हा विनिमयाचा दरही नोंदवलेला आहे.

याच उषवदाताने गोवर्धनात प्रवाशांसाठी निवारा बांधल्याची आणि तापीसह अनेक नद्यांवर फुकट नावा ठेवल्याची नोंद नाशिकला आहे. बाहेरून येणाऱ्या माणसाची सोय आणि त्याचा पैसा सांभाळण्याची व्यवस्था, ही जोडी या गावाला फार जुन्या काळापासून ठाऊक आहे.

ही व्यवस्था खरी कसाला लागते ती बारा वर्षांनी. गुरू सिंह राशीत आला की नाशिक आणि त्र्यंबकेश्वरी सिंहस्थ भरतो. वैष्णव आखाडे रामकुंडावर स्नान करतात, शैव आखाडे त्र्यंबकच्या कुशावर्तावर. त्यांच्यामागे लोटणारा यात्रेकरू पेशवाईत पायी, बैलगाडीने, महिना-महिना प्रवास करून यायचा. कमरेच्या कशात सगळी पुंजी बांधून घाट उतरणे म्हणजे चोरांना आवतण. म्हणून ज्याची ऐपत असे तो आपल्या गावच्या सावकाराकडे रक्कम भरून नाशिकच्या पेढीवरची हुंडी घेई. दर्शनी हुंडी दाखवताच पैसे मिळत. मुदती हुंडीला ठरलेल्या दिवसापर्यंत थांबावे लागे. या सोयीची हुंडणावळ द्यावी लागे, पण हुंडी चोराच्या फारशा कामाची नसे. हरवलीच तर तिची ‘पेठ’, म्हणजे दुसरी प्रत, आणि तीही गेली तर ‘परपेठ’ काढता येई.

हुंडी नसलेल्यांपुढे वेगळीच अडचण होती. रुपया एकच नव्हता. नाशिकच्या टाकसाळीतून निघणाऱ्या नाण्यांवर गावाचे मोगली नाव गुलशनाबाद आणि जरीपटक्याची खूण असे. साठेक किलोमीटरवर, होळकरांच्या चांदवडला, दुसरी टाकसाळ चांदवडी रुपया पाडत होती. पुण्याचा अंकुशी रुपया आणखी वेगळा. प्रत्येकातली चांदी कमी-जास्त. त्यामुळे परगावचा रुपया सराफापुढे ठेवला की तो वाजवून, कसून पाहिला जाई आणि बट्टा कापूनच इथले चलन हाती येई. इंग्रजांनी १८३५ मध्ये एकाच वजनाचा रुपया काढल्यानंतर ही कटकट हळूहळू मिटली. तरी घाटावरच्या दानधर्मासाठी रुपयाची मोड लागेच. त्याकरता तांब्याच्या शिवराया पुढेही बरीच वर्षे चालत राहिल्या.

खर्चाचा आराखडा मात्र बऱ्याच अंशी आधीच ठरलेला असे. क्षौर, स्नान, तीर्थश्राद्ध, ब्राह्मणभोजन, दक्षिणा. गोप्रदानाला खरी गाय परवडत नसेल, तर तिच्या बदल्यात निष्क्रय म्हणून ऐपतीप्रमाणे पैसे ठेवण्याची मुभा शास्त्रानेच दिली होती. गाव आणि आडनाव सांगितले की क्षेत्रोपाध्ये आपल्या वह्या काढून आजोबा-पणजोबांच्या सह्या दाखवत. मुक्कामही बहुधा त्यांच्याच वाड्यात पडे. घरी परतल्यावर मावंदे घालावे लागे, म्हणून शहाणा यात्रेकरू गावजेवणाचे पैसे आधीच बाजूला काढून मगच बाजारात उतरे.

बाजारात त्याची पहिली गाठ पडे तांबटांशी. गोदावरीला नाशिककर गंगाच म्हणतात. तिचे पाणी घरी न्यायचे तर तांब्याचा गडू हवा. नाशिकची तांब्या-पितळेची भांडी तशीही नावाजलेली होती. घागरी, हंडे, तपेली वजनावर विकली जात. जुनी मोड घालून नवे भांडे घेतले तर वरचे पैसे तेवढे द्यायचे. सिंहस्थात परंपरेने लग्न-मुंजी टाळल्या जात असल्याने, एरवी बस्त्याबरोबर होणारी भांड्यांची आणि दागिन्यांची खरेदी त्या वर्षी थंडावे. ती तूट यात्रेकरूंनी भरून काढावी, एवढीच दुकानदारांची आशा असे.

रेल्वे आणि टपालाने हे गणित बदलले. १ जानेवारी १८८० पासून टपाल खात्याची मनीऑर्डर सुरू झाली, त्यामुळे १८८४ च्या सिंहस्थात हुंडीला टपालाचाही पर्याय उभा होता. पैसे संपले तर घरी पत्र टाकायचे आणि पोस्टाची वाट पाहायची. स्टेशन गावापासून आठ-नऊ किलोमीटर लांब, नाशिकरोडला. तिथून गावात यायला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घोड्यांची ट्राम आली आणि १९३० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत ती चालली. त्याच नाशिकरोडला १९२८ मध्ये नोटांचा छापखाना सुरू झाला आणि तिथून पहिली पाच रुपयांची नोट निघाली. तोवर भारताच्या नोटा इंग्लंडमधून छापून येत. १९३२ च्या सिंहस्थाला गाडीतून उतरलेल्या माणसाच्या खिशात नोट असलीच, तर ती त्या स्टेशनजवळच छापलेली असण्याचा संभव होता.

चांदीच्या नाण्याचे आकर्षण मात्र कागदाने संपवले नाही. २७ ऑगस्ट २००३ रोजी रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद उतारावर चेंगराचेंगरी होऊन तीसहून अधिक भाविकांचा बळी गेला. मिरवणुकीतून साधूंनी उधळलेली चांदीची नाणी वेचायला लोक वाकले आणि मागचा लोंढा त्यांच्यावर आला, अशी हकिगत तेव्हाच्या बातम्यांत आली होती.

२०१५ च्या शाही पर्वण्यांपर्यंत व्यवहार मुख्यतः रोखीचा होता. यूपीआय आले पुढच्या वर्षी, एप्रिल २०१६ मध्ये. पाठोपाठ नोव्हेंबरात नोटाबंदी. त्यामुळे ३१ ऑक्टोबर २०२६ च्या ध्वजारोहणाने सुरू होणारा सिंहस्थ क्यूआर कोडच्या सवयीचा झालेला पहिला सिंहस्थ ठरेल. पहिले अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला आहे. लाखोंच्या गर्दीत मोबाइलचे नेटवर्क रखडले तर चहाच्या टपरीवर सुट्टे पैसेच कामाला येतील.

खरेदीची यादीही बदलली आहे. तांब्याच्या गडूची जागा प्लास्टिकच्या कॅनने घेतली, पिशवीत चिवडा आणि मनुका आल्या आणि सराफ बाजारात चांदीच्या मूर्ती व पूजेच्या भांड्यांना मागणी राहिली. पारख करण्याचे काम आता वेगळ्या हातात आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीच्या वस्तूंवरही ऐच्छिक हॉलमार्कसोबत सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक येतो. ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये तो टाकला की वस्तूची शुद्धता गिऱ्हाइकाला दुकानात उभ्या-उभ्या पडताळता येते.