नायट्रो इंजिन सुरू होऊन लगेच बंद पडतंय? कार्ब्युरेटर बघा
सेकंड हँड आरसी कारचं इंजिन सुरू होऊन दोन-तीन सेकंदांत बंद पडत असेल, तर ग्लो प्लगनंतर मी थेट कार्ब्युरेटरच बघतो. इंधनात मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि बहुतेकदा एरंडेल तेल असतं. गाडी पडून राहिली की मिथेनॉल उडून जातं, तेल चिकट होतं आणि नीडलची वाट बुजते.

नीडल काढण्याआधी हलक्या हाताने ती टेकेपर्यंत आत फिरवा, किती फेरे झाले ते मोबाईलमध्ये लिहून ठेवा. नंतर तेवढीच उघडायची. कमी उघडली तर इंधन अपुरं पडून इंजिन तापतं, पिस्टन-स्लीव्हची वाट लागते.

आता सिरिंजने आत मिथेनॉलची धार मारा. तोंडाने फुंकू नका, ते विषारी असतं. पेटलं तर ज्योत उन्हात दिसतही नाही. तार तर घालूच नका. धार मोकळी आली तरी रडगाणं तेच? मग टाकीतला फिल्टर आणि सायलेन्सरकडून येणारी प्रेशरची नळी तपासा.