रासायनिक पदार्थांचे नामकरण आणि क्रमांकन : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

बाजारात मोरचूद, हिराकस आणि नवसागर म्हणून विकले जाणारे पदार्थ प्रयोगशाळेत अनुक्रमे कॉपर सल्फेट, फेरस सल्फेट आणि अमोनियम क्लोराइड या नावांनी ओळखले जातात. पहिल्या नावांवरून वस्तूची ओळख पटते, परंतु तिच्या घटकांचा बोध होत नाही. दुसरी नावे घटक सांगतात. नावाने पदार्थाविषयी नेमके किती सांगावे, हा रासायनिक नामकरणाच्या इतिहासातील मूलभूत प्रश्न होय. प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या अनुषंगाने त्या इतिहासाचा संक्षिप्त आढावा घेतला आहे.

नाव आणि सिद्धांत

अठराव्या शतकातील युरोपातही स्थिती वेगळी नव्हती. ‘एप्सम मीठ’ हे नाव गावावरून, तर ‘ग्लाउबर मीठ’ हे व्यक्तीवरून पडले होते. गीतों द मोर्व्हो यांनी १७८२ मध्ये सुधारणेची मागणी केली आणि १७८७ मध्ये लाव्हाझिए, बेर्तोले व फूरक्रॉय यांच्यासह नवी नामकरणपद्धती प्रसिद्ध केली. संयुगाचे नाव त्याच्या घटकांवरून ठरावे, हे तिचे मुख्य तत्त्व होते. सल्फेट आणि सल्फाइट यांतील प्रत्ययभेद ही त्याच पद्धतीची देणगी आहे.

मात्र नावात सिद्धांत गुंफला की सिद्धांतातील चूकही नावात उतरते. सर्व आम्लांत ऑक्सिजन असतोच, अशी लाव्हाझिए यांची धारणा होती. म्हणून त्यांनी या वायूला ‘आम्लजनक’ अशा अर्थाचे ग्रीक नाव दिले. १८१० मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी म्युरिॲटिक आम्लात ऑक्सिजन नसल्याचे प्रतिपादन केले व त्यातील मूलद्रव्याला केवळ रंगावरून ‘क्लोरीन’ हे नाव दिले. सिद्धांत बदलला, तरी नाव राहिले. जर्मन व बंगाली भाषांतील प्रतिशब्दांत तोच अर्थ आजही आढळतो. मराठीतील ‘प्राणवायू’ हा शब्द वायूच्या कार्यावरून घडल्यामुळे या दोषातून मुक्त राहिला.

नावाकडून क्रमांकाकडे

सेंद्रिय रसायनशास्त्रात केवळ घटक सांगणे अपुरे ठरले. कारण तेच अणू वेगळ्या रचनेत वेगळा पदार्थ घडवतात. १८९२ च्या जिनीव्हा परिषदेने कार्बनशृंखलेवर आधारित नियम केले आणि १९१९ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संघाने, म्हणजे ‘आययूपॅक’ने, ते कार्य पुढे नेले. नियम काटेकोर झाले, पण नावे लांबत गेली आणि एकाच पदार्थाची अनेक नावे प्रचलित राहिली.

यावर अमेरिकन केमिकल सोसायटीच्या ‘केमिकल ॲब्स्ट्रॅक्ट्स सर्व्हिस’ (कॅस) या विभागाने १९६५ मध्ये क्रमांकनोंदणीचा उपाय योजला. पाण्याचा क्रमांक ७७३२-१८-५ असा आहे. यातील शेवटचा अंक पडताळणीसाठी असतो. उरलेल्या अंकांना उजवीकडून अनुक्रमे १, २, ३ याप्रमाणे गुणून बेरीज केली असता १०५ येते आणि तिचा एककस्थानचा अंक ५ हाच शेवटचा अंक होय. लेखनातील चूक त्यामुळे सहसा उघड होते. हा क्रमांक पदार्थाच्या रचनेविषयी काहीही सांगत नाही. म्हणूनच सिद्धांत बदलला तरी तो बदलावा लागत नाही. आज या नोंदवहीत २० कोटींहून अधिक पदार्थ आहेत.

मालकीचा प्रश्न

क्रमांक नोंदवहीकडूनच मिळतो आणि ही नोंदवही एका संस्थेच्या मालकीची आहे. तिच्या पूर्ण वापरासाठी शुल्क द्यावे लागते. २०२१ मध्ये सुमारे ५ लाख पदार्थांची माहिती खुली करण्यात आली. याउलट २००५ मध्ये आययूपॅकच्या पुढाकाराने आलेली ‘इंची’ ही ओळखपद्धती रेणूच्या रचनेवरूनच संगणकाद्वारे अक्षरमाला तयार करते. ती कोणालाही विनाशुल्क तयार करता येते. तथापि निश्चित रचना नसलेल्या अनेक मिश्रणांसाठी क्रमांकच उपयोगी पडतो.

समारोप

या इतिहासात एका पद्धतीने दुसरीला संपूर्णतः हटविलेले नाही. नाव अध्यापनासाठी, क्रमांक नोंदीसाठी आणि रचनादर्शक अक्षरमाला संगणकीय शोधासाठी आवश्यक आहे. अर्थपूर्ण नाव ज्ञानाबरोबर चूकही वाहून नेते. अर्थहीन क्रमांक त्या चुकीपासून मुक्त असतो, परंतु त्यासाठी नोंदवहीच्या मालकावर अवलंबून राहावे लागते. म्हणून पदार्थाची ओळख हा केवळ परिभाषेचा विषय नसून ज्ञान कोणाला उपलब्ध व्हावे, याच्याशीही निगडित आहे, असे म्हणता येते.