शॉर्ट आहे, सोडून द्या

लॉगमध्ये रोज एक विचित्र ओळ येते, पण प्रोग्रॅम चालतो. आपण काय करतो? दुर्लक्ष! १९६०च्या सुमारास भल्याभल्या भौतिकशास्त्रज्ञांनीही हेच केलं होतं.

दोन सुपरकंडक्टर, म्हणजे अतिथंड झाल्यावर वीज विनारोध वाहू देणारे धातू. मध्ये ऑक्साइडचा अगदी पातळ पापुद्रा. त्या भिंतीतून इलेक्ट्रॉन आरपार जातात (यालाच टनेलिंग म्हणतात) हे जनरल इलेक्ट्रिकमध्ये इव्हार येव्हर यांनी १९६० मध्ये मोजून दाखवलं. पण काही नमुन्यांत व्होल्टेज शून्य असतानाही प्रवाह दिसायचा. पापुद्रा फाटला असेल, धातूला धातू चिकटला असेल... शॉर्ट आहे, सोडून द्या!

१९६२ मध्ये केंब्रिजच्या ब्रायन जोसेफसननं गणित मांडलं. वय वर्षं २२, अजून विद्यार्थीच. सुपरकंडक्टरमध्ये इलेक्ट्रॉन जोडीनं असतात. जाणकार म्हणत, एक इलेक्ट्रॉन पलीकडे जाणंच दुर्मीळ, मग दोघं एकदम जाणं म्हणजे दुर्मीळ गुणिले दुर्मीळ. काय दिसणार, कपाळ? पण या जोड्या सुट्या नसतात, ढोलपथकासारख्या सगळ्या एका ठेक्यात असतात. त्यामुळे जोड्यांचा प्रवाह एकट्यांच्या तोडीचा निघाला, तोही शून्य व्होल्टेजला!

विरोधात कोण? साक्षात जॉन बार्डीन. ट्रान्झिस्टरसाठी नोबेल मिळालेले, आणि जोड्यांचा सिद्धांतही त्यांचाच. हे शक्य नाही, असं त्यांनी छापून टाकलं. त्याच सप्टेंबरात लंडनच्या परिषदेत दोघे समोरासमोर आले. पोरगं हटलं नाही.

निकाल लावला तो १९६३ मध्ये, बेल लॅब्जमध्ये फिलिप अँडरसन आणि जॉन रोवेल यांनी. मला सगळ्यात आवडतं ते त्यांचं डीबगिंग. साधा शॉर्ट असेल तर बारीकसारीक चुंबकीय क्षेत्रानं त्याला काय फरक पडणार? इथे मात्र प्रवाह लगेच घटायचा, आणि पृथ्वीचं क्षेत्र अडवलं की वाढायचा. म्हणजे शॉर्ट नव्हेच! बार्डीननीही मग आपलं म्हणणं सोडलं.

पुढे याच जोडावर व्होल्टचं प्रमाण ठरलं, आणि २०२५चं भौतिकशास्त्राचं नोबेलही असेच जोड असलेल्या सर्किटवरच्या प्रयोगांना मिळालं. असो.

१९७३चं अर्धं नोबेल जोसेफसनला, उरलेलं अर्धं लिओ एसाकी आणि येव्हर यांना. हा परिणाम हातून निसटला याचं वाईट वाटतं का, असं लोक विचारतात, हे येव्हरनी नोबेल व्याख्यानात स्वतःच सांगितलं. त्यांचं उत्तर होतं, नाही. दिसलं होतं, पण त्याचा अर्थ कळण्याच्या जवळपासही ते नव्हते.