एका चिठ्ठीचे उत्तर

हिंजवडी म्हटले की आज संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारती आणि रस्त्यावरची वाहनांची रांग डोळ्यांपुढे येते. त्या परिसरातील एका कनिष्ठ महाविद्यालयात आम्ही मानवी प्रजननावर बोलायला गेलो होतो. व्याख्यान संपले, पण प्रश्न विचारायला कोणी उठेना. तेव्हा आम्ही नाव न घालता चिठ्ठ्या मागवल्या. त्यांतल्या एकीवर लिहिले होते, ‘पुरुष वेळेवर बाजूला झाला तर दिवस राहत नाहीत, हे खरे का?’ शेजारी बसलेल्या शिक्षकांनी ती चिठ्ठी गठ्ठ्याच्या तळाशी सरकवली. आम्ही ती पुन्हा वर काढली आणि थोडक्यात उत्तर दिले. पण पुरे उत्तर द्यायचे तर थोडा इतिहास आणि थोडे गणित लागते. ते येथे मांडत आहोत.

वीर्यस्खलनापूर्वी पुरुषाने बाजूला व्हायचे, ही पद्धत फार प्राचीन आहे. बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकातील ओनानच्या कथेत तिचा उल्लेख येतो. तिला साधन लागत नाही, पैसा लागत नाही, कोणाला विचारावेही लागत नाही. फ्रान्समध्ये अठराव्या शतकाच्या अखेरीपासून आणि इंग्लंडमध्ये १८७० नंतर जन्मदर उतरू लागला, तेव्हा आजची गोळी नव्हती आणि तांबीही नव्हती. त्या घटीत या पद्धतीचा मोठा वाटा होता, असे लोकसंख्येचे अभ्यासक मानतात. मग ती भरवशाची म्हणायची का?

महाराष्ट्रात असल्या प्रश्नांना उघडपणे उत्तरे देण्याचे काम एका गणिताच्या प्राध्यापकाने हाती घेतले. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचा सल्ला देणारे केंद्र सुरू केले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र निघाले तेही याच वर्षी. १९२३ साली कर्व्यांचे ‘संततिनियमन : आचार व विचार’ हे पुस्तक आले. हा प्रचार आणि विल्सन कॉलेजातील नोकरी यांत निवड करण्याची वेळ आली तेव्हा, १९२५ साली, त्यांनी नोकरी सोडली. जुलै १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले. अश्लीलतेच्या आरोपाखाली त्यांच्यावर खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. निकाल विरुद्ध गेला, दंड भरावा लागला, मासिक मात्र थांबले नाही.

त्या काळी वादाचा मुख्य मुद्दा ‘साधने की संयम’ हा होता. डिसेंबर १९३५ मध्ये मार्गारेट सँगर वर्ध्याला गांधीजींना भेटल्या. गांधीजींनी कृत्रिम साधनांना नकार देऊन संयमाचाच आग्रह धरला. बाजूला होण्याच्या पद्धतीतही साधन नाही. तिचा सारा भार संयमावर आहे, आणि तोही संयम सर्वांत कठीण असतो अशा क्षणीचा.

कर्व्यांनी पुस्तक लिहिले तेव्हा विज्ञानाचे हातही तोकडे होते. स्त्रीचे बीजांड महिन्यात नेमके केव्हा बाहेर पडते, हे ठाऊक नव्हते. जपानचे ओगिनो आणि ऑस्ट्रियाचे क्नाउस यांनी ते विसाच्या शतकाच्या तिसऱ्या दशकात दाखवून दिले : पुढची पाळी येण्यापूर्वी सुमारे दोन आठवडे. त्याआधी पाळीच्या चक्राचा मधला काळच सुरक्षित असल्याचे कित्येक डॉक्टर सांगत. वस्तुतः तोच सर्वांत धोक्याचा.

दुसरी उणीव मोजमापाची होती. ‘आम्हाला तर काही झाले नाही’ हा एका जोडप्याचा अनुभव म्हणजे पुरावा नव्हे. १९३३ साली अमेरिकेतील जीवशास्त्रज्ञ रेमंड पर्ल यांनी एक सोपी रीत सुचवली. शंभर स्त्रियांनी एखादी पद्धत वर्षभर वापरली, तर त्यांपैकी किती जणींना दिवस राहिले, ते मोजायचे. पुढे या रीतीत सुधारणा झाल्या, पण विचार तोच राहिला.

या मापाने अमेरिकेतील अभ्यासांतून मिळालेले आकडे असे : काहीच न वापरणाऱ्या शंभर जोडप्यांपैकी पहिल्या वर्षात सुमारे ८५ जणींना दिवस राहतात. बाजूला होण्याची पद्धत प्रत्येक वेळी अचूक पाळली तर सुमारे ४ जणींना, पण माणसे प्रत्यक्षात पाळतात तशी पाळली तर सुमारे २० जणींना. निरोधसाठी हेच आकडे अनुक्रमे २ आणि १३ आहेत. तांबीसाठी दोन्ही आकडे एकाहून कमी आहेत, कारण ती एकदा बसवली की रोजच्या सावधपणावर काही अवलंबून राहत नाही.

४ आणि २० यांत एवढे अंतर का पडते? पहिले कारण मनुष्यस्वभाव. क्षणाचा अंदाज चुकतो. दुसरे कारण शरीराचे. स्खलनाआधी थोडा द्रव पाझरतो आणि पुरुषाला तो जाणवतही नाही. त्यात शुक्रजंतू नसतातच, असे पूर्वी अनेकांना वाटे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात २७ पुरुषांची तपासणी झाली. त्यांपैकी ११ जणांच्या या द्रवात शुक्रजंतू सापडले आणि १० जणांचे शुक्रजंतू हालचाल करणारे होते. म्हणजे वेळेवर बाजूला होऊनही धोका उरतो. शिवाय शुक्रजंतू स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जगू शकतात. बीजांड त्या दिवशी बाहेर आलेले नव्हते, म्हणून चिंता नाही, असे म्हणता येत नाही.

आता फळ्यावर एक उदाहरण मांडू. दर वर्षी शंभरात २० अपयशे, म्हणजे ८० जोडपी सुटली. दुसऱ्या वर्षाअखेर ८० चे ८० टक्के म्हणजे ६४, मग ५१, ४१ आणि पाचव्या वर्षाअखेर ३३. शंभरातील ६७ जणींना पाच वर्षांत दिवस राहिले. अचूक पाळणाऱ्यांचा दर ४ धरला तरी पाच वर्षांत सुमारे १८. प्रत्यक्षात अपयशाचा दर वर्षागणिक थोडा उतरतो, कारण निष्काळजी जोडपी आधीच गळालेली असतात. तरी वर्षाचा लहान आकडा साठत कसा जातो, ते या हिशेबातून दिसते.

आता सुरुवातीचा प्रश्न सुटतो. शंभरात ८५ च्या जागी २० हा फरक देशाच्या जन्मदरात स्पष्ट दिसेल इतका मोठा आहे. फ्रान्स-इंग्लंडचा इतिहास त्यामुळेच तसा घडला. पण एखाद्या मुलीला देशाच्या सरासरीशी कर्तव्य नसते. तिच्यासाठी पाचात एक ही शक्यता मोठीच आहे, आणि चूक झाली तर शिक्षण, प्रकृती, घरच्यांचा रोष या सगळ्यांचा भार तिच्यावरच पडतो. ज्या पद्धतीत सावधपणा पुरुषाचा आणि परिणाम स्त्रीचा, ती विसंबण्याजोगी आहे का, याचाही विचार वर्गात व्हायला हवा.

तेव्हा त्या चिठ्ठीचे उत्तर असे : नाही, ते खरे नाही. काहीच न करण्यापेक्षा ही पद्धत बरी, पण विसंबण्याजोगी नाही. गुप्तरोग आणि एचआयव्ही यांपासून तर ती भरवशाचे संरक्षण देत नाही. ते काम निरोध करतो. चूक घडलीच तर ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितके चांगले, घेण्याची आपत्कालीन गोळी मिळते. घाबरून गप्प बसण्यापेक्षा डॉक्टरांना भेटावे.

रघुनाथरावांचे १४ ऑक्टोबर १९५३ रोजी निधन झाले. ‘समाजस्वास्थ्य’चा अखेरचा अंक त्यानंतर नोव्हेंबरात निघाला. सव्वीस वर्षे त्यांनी वाचकांच्या अडचणींना छापून उत्तरे दिली होती. आपल्या वर्गातही अशी चिठ्ठी कधीतरी येईल. शिक्षकांनी ती तळाशी सरकवू नये, एवढीच आमची विनंती आहे. विद्यार्थी उत्तर कोठून तरी मिळवणारच. ते बरोबर असावे, हे पाहणे मात्र आपल्या हातात आहे.