दिवाणखान्यातली सिंफनी आणि आकाशवाणीची धून

१/८ नागपूरचे आकाशवाणी केंद्र १९४८ साली सुरू झाले. येथील कित्येक घरांची सकाळ एकाच सुरावटीने उजाडत आली आहे: तंबोऱ्याच्या नादावर व्हायोलिन. त्या सुरावटीमागे एक निर्वासित संगीतकार आहे आणि मोठे संगीत मोजक्या वाद्यांत जिवंत ठेवण्याची युरोपीय परंपराही.

२/८ सिंफनी वाजवायला मोठा वाद्यवृंद लागतो. ध्वनिमुद्रणापूर्वीच्या काळात तो ऐकण्याचे भाग्य मोठ्या शहरांतील थोड्यांनाच लाभे. इतरांपर्यंत सिंफनी पोहोचली ती दोन ते सहा वादकांसाठी केलेल्या रूपांतरांतून. दालनात वाजवायचे म्हणून ते ‘चेंबर’ संगीत.

३/८ हायडनने १७९१ ते १७९५ या काळात लंडनसाठी १२ सिंफनी रचल्या. त्याला लंडनला नेणाऱ्या सॉलोमनने त्या बासरी, चार तंतुवाद्ये आणि पियानो यांच्यासाठी उतरवल्या. बीथोवनची दुसरी सिंफनीही पियानो, व्हायोलिन आणि चेलो या त्रयीच्या रूपात छापली गेली.

४/८ हे काम नकलेचे नव्हे. कर्ण्यांचा गजर पियानोच्या खर्जात न्यायचा, ओबोची ओळ व्हायोलिनला द्यायची, आणि जे उरणारच नाही ते कोणते, हेही ठरवायचे. रूपांतरकाराला रचनेचा कणा ओळखावाच लागतो.

५/८ पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्नात पैशांची चणचण होती. १९१८ साली शोनबर्गने खासगी संगीतसभा स्थापली. तेथे टाळ्यांना आणि समीक्षकांना मज्जाव होता. तिच्यासाठी १९२१ मध्ये एर्विन स्टाइनने मालरची चौथी सिंफनी मोजक्या वादकांत बसवली. सुषिर वाद्यांची उणीव बऱ्याच अंशी कोणी भरून काढली? हार्मोनियमने! आपल्या संगीत नाटकांतील पायपेटीची ती सख्खी बहीण.

६/८ १९३३ साली जर्मनीत नाझी सत्तेवर आले. पुढच्याच वर्षी बोहेमियात जन्मलेला ज्यू संगीतकार वॉल्टर कॉफमन मुंबईत उतरला. व्हिएन्ना-बर्लिनसारखे वाद्यवृंद येथे नव्हते. त्याने ‘बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी’ स्थापली. पियानोवर तो स्वतः, व्हायोलिनवर मेहली मेहता, म्हणजे झुबिन मेहता यांचे वडील. मूठभर वादकांनिशी सभा भरू लागल्या.

७/८ १९३७ पासून कॉफमन आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीत विभाग सांभाळू लागला. आकाशवाणीच्या संकेतधुनेचे श्रेय सामान्यतः त्यालाच दिले जाते. त्यातील व्हायोलिन मेहतांचे, असे मानले जाते. १९४६ साली त्याने भारत सोडला. नागपूर केंद्राचा जन्म त्यानंतरचा.

८/८ ज्याच्यापासून मायदेश हिरावला गेला, त्याच्या नावाची ती सुरावट आपल्या पहाटेची खूण झाली. आज बीथोवनची दुसरी सिंफनी आधी त्रयीच्या रूपात ऐका, मग पूर्ण वाद्यवृंदात. तीन वाद्यांनी काय राखले आणि काय सोडले, ते आपल्याच कानांनी पडताळता येईल.